लूप ट्रेलवर माघारीची वेळ घरीच ठरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्ट्या जवळ आल्या की पुरवण्यांमधून ‘सहकुटुंब जंगलात एक मुक्काम’ अशा धर्तीचे लेख येऊ लागतात. त्यांत सामानाची यादी असते, फोटो असतात, ‘सोपी गोल वाट आहे, मुलांनाही जमेल’ असा दिलासाही असतो. नसते ते वेळापत्रक. टॉर्च विसरल्यामुळे फजिती होते ती क्वचित. बहुतेक वेळा ती होते, कारण दुपारी एक वाजता आपण वाटेवर नेमके कुठे असायला हवे होते हे घरातल्या कोणालाच सांगता येत नाही.

गेलो त्याच वाटेने परतायचे असेल तर कुठूनही मागे फिरता येते आणि मागची वाट पायाखालची असते. लूपवर, म्हणजे फिरून निघालो तिथेच आणणाऱ्या गोल वाटेवर, अर्धे अंतर ओलांडले की मागे फिरणे पुढे जाण्यापेक्षा लांबचे पडते, आणि पुढचा भाग तर कोणी पाहिलेला नसतो. मग मूल दमले, पाऊस आला, ओढ्याला पाणी वाढले, तरी सगळे पुढेच चालत राहतात. म्हणून परत फिरायचे की नाही हे जंगलात, दमल्यावर, एकमेकांच्या तोंडाकडे बघत ठरवू नये. ते घरी नकाशा पसरून ठरवावे आणि कागदावर लिहून ठेवावे.

त्यासाठी लागणारा हिशेब जुना आहे आणि सोपा आहे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये एक ठोकताळा मांडला. आजच्या मापात तो असा: दर 5 किलोमीटरला एक तास, शिवाय दर 600 मीटर चढाईला आणखी एक तास. हा धडधाकट, हलक्या ओझ्याच्या, न थांबणाऱ्या प्रौढाचा वेळ आहे. आठ-दहा वर्षांची मुले आणि मुक्कामाच्या सॅक बरोबर असतील तर आलेले उत्तर सरळ दुप्पट करावे आणि थांबे वेगळे धरावेत. तीव्र उतार असेल तर दर 300 मीटरला दहा मिनिटे जादा. उतारावर वेळ वाचतो ही समजूत मुलांच्या बाबतीत तर साफ खोटी आहे.

समजा 12 किलोमीटरचा लूप आहे आणि एकूण चढाई 500 मीटर. ठोकताळ्याने सव्वातीन तास होतात, त्यामुळे ‘सकाळी निघून दुपारी परत’ असे कोणालाही वाटेल. आता तो दोन दिवसांत विभागा. पहिल्या दिवशी 7 किलोमीटर आणि 350 मीटर चढ: दोन तास, दुप्पट करून चार, जेवण आणि थांबे धरून साडेपाच. नऊला निघालात तर अडीचला मुक्कामी. याच दिवसाची मधली खूण 3.5 किलोमीटरवर धरा. तोवर 250 मीटर चढून होत असतील, तर हिशेबाने तिथे पावणेबारापर्यंत पोहोचायला हवे. आता माघारीची वेळ काढा. सूर्यास्त साडेसहाला असेल तर साडेचारपर्यंत तंबूची जागा गाठलीच पाहिजे, कारण तंबू, पाणी, स्वयंपाक आणि मुलांचे कपडे बदलणे यांत दोन तास सहज जातात. पहिला टप्पा एक तास रेंगाळला तर दुसराही तितकाच रेंगाळणार, हे गृहीत धरा. पावणेदोनला खुणेवर असाल तर मुक्काम साडेसहाला, म्हणजे अंधाराच्या दारात. पावणेएकला असाल तर बरोबर साडेचारला. म्हणून कागदावर लिहायचे ते एवढेच: ‘3.5 किमी. पावणेएक वाजेपर्यंत नाही, तर परत.’ तिथून परतीची वाट बहुतेक उताराची आणि ओळखीची, त्यामुळे साडेतीनच्या आत सगळे गाडीपाशी असतात. हा कागद मुलांनाही वाचून दाखवावा. अकरा वर्षांचे मूल घड्याळाकडे आपल्यापेक्षा काटेकोरपणे बघते, आणि ‘अजून थोडं जाऊन बघू’ म्हणणाऱ्या मोठ्यांना आवरायला तेच उपयोगी पडते.

चढाईचा आकडा काढताना सर्वांत जास्त चुका होतात. लूप जिथे सुरू होतो तिथेच संपतो, म्हणजे सुरुवातीच्या आणि शेवटच्या उंचीतला फरक शून्य. काही लेखांत नुसती वाटेवरच्या सर्वांत उंच जागेची उंची दिलेली असते. दोन्ही आकडे निरुपयोगी आहेत. हवी असते ती सगळ्या लहानमोठ्या चढांची बेरीज. कागदी नकाशावर कंटूर रेषांमधले, म्हणजे समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमधले, उंचीचे अंतर 20 मीटर असेल, तर वाटेवर बोट ठेवून निघा आणि वर जाताना ओलांडलेली प्रत्येक रेषा मोजा. खाली उतरताना ओलांडलेल्या मोजू नका. पंचवीस रेषा झाल्या की 500 मीटर. ओढ्यात उतरून पुन्हा पलीकडे चढणारी वाट असेल तर ही बेरीज डोळ्यांनी लावलेल्या अंदाजाच्या दीडपट निघणे मुळीच विशेष नाही. अंतराचेही तसेच. 1:50,000 च्या नकाशावर 2 सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, पण त्या मापात वाटेची छोटी वळणे सरळ होऊन जातात. दोऱ्याने मोजलेल्या अंतरात किमान दहावा भाग मिळवावा.

लूप कोणत्या बाजूने फिरायचा हा प्रश्न फारसे कोणी विचारत नाही, पाटी ज्या बाजूला बाण दाखवते तिकडे मंडळी निघतात. मुले बरोबर असतील तर तीव्र बाजूने चढावे आणि सौम्य बाजूने उतरावे. चढावर मूल दमते, थांबते, पुन्हा चालते. तीव्र उतारावर दमलेले मूल घसरते, बुटात पुढे सरकून अंगठ्याची नखे दुखतात आणि सॅकचा भार गुडघ्यांवर येतो. अपवाद ओढ्यांचा. मोठा ओढा ओलांडायचा असेल तर तो सकाळी लागेल अशी दिशा घ्यावी. दुपारच्या पावसाने पाणी संध्याकाळी वाढते आणि बर्फाच्या प्रदेशातही ऊन झाल्यावरच ओढे फुगतात. ओलांडताना सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडायचा, म्हणजे पाय घसरलाच तर सॅक टाकून देता येते. पाणी गढूळ, वेगाचे आणि लहान मुलाच्या गुडघ्याच्या वर असेल तर ते ओसरेपर्यंत थांबायचे. दिशा ठरली की लूपमधून बाहेर पडणाऱ्या आडवाटा आणि गाडीरस्ते नकाशावर लाल पेन्सिलीने खूण करून ठेवावेत. एकही आडवाट नसलेला लूप कुटुंबाच्या पहिल्या मुक्कामासाठी निवडूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता ओझे. प्रौढाने आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शापर्यंत आणि मुलाने दहाव्या हिश्शाच्या आसपास उचलावे, हा सर्वमान्य अंदाज. 70 आणि 55 किलोचे दोन मोठे, 35 आणि 25 किलोची दोन मुले: 14, 11, साडेतीन आणि अडीच, म्हणजे 31 किलो. दुसऱ्या बाजूला सामान मांडा. चौघांचा तंबू साडेतीन किलो, स्लीपिंग बॅगा साडेचार, मॅट दोन, स्टोव्ह, गॅस आणि भांडी दीड, दोन दिवसांचे खाणे चार, कपडे आणि रेनकोट पाच, निघतानाचे पाणी चार, औषधे, टॉर्च आणि किरकोळ दीड, चारही सॅकचे स्वतःचे वजन पाच. बेरीज 31. हिशेब तंतोतंत बसला म्हणून निर्धास्त होऊ नका, तिसऱ्या तासाला धाकट्याची सॅक उतरणार आणि थोड्या वेळाने थोरल्याची. ते सहा किलो आधीच काठोकाठ भरलेल्या दोघांच्या खांद्यांवर येतात. तेव्हा घरून निघताना एकूण 27 किलोच्या पुढे जाऊ नये. कात्री लावायची ती कपड्यांना: अंगावरचा एक जोड, झोपायचा एक कोरडा जोड, एक उबदार थर, रेनकोट आणि मोजे, बस्स. खाण्याची खोकी आणि बरण्या घरीच सोडून जेवणाप्रमाणे पुड्या बांधाव्यात. रात्री गारठा फार नसेल तर दोन मुलांना मिळून चेन उघडून पांघरायची एक मोठी स्लीपिंग बॅग पुरते. हे सगळे स्वयंपाकघरातल्या किंवा सामानाच्या काट्यावर प्रत्यक्ष तोलावे. हाताने उचलून ‘हलकी वाटते’ म्हणण्यावर विश्वास ठेवू नये.

मुलाच्या सॅकमध्ये त्याच्याच गरजेच्या वस्तू असाव्यात: रेनकोट, अर्धा लिटर पाणी, खाऊ, कोरडे मोजे, शिट्टी. म्हणजे चुकामूक झाली तरी ते उघडे पडत नाही. मोठ्यांच्या सॅकमध्ये झोपायचे सामान तळाला, जड वस्तू पाठीला चिकटून खांद्यांच्या फऱ्यांच्या पातळीवर आणि रेनकोट सर्वांत वर. पट्टे आवळण्याचा क्रम ठरलेला आहे. आधी कमरेचा पट्टा कमरेच्या हाडावर बसवून आवळा, मग खांद्यांचे, मग खांद्यांवरून सॅककडे जाणारे छोटे पट्टे. क्रम उलटा झाला की सगळे ओझे खांद्यांवर लटकते आणि तासाभरात मान दुखू लागते. सॅकवरच्या रेनकव्हरवर विसंबू नये, पाणी पाठीच्या बाजूने आत शिरते. आत एक जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी घालून तिच्यात सामान भरणे हाच खात्रीचा उपाय.

पाण्याचे गणित वेळापत्रकावरच चालते. चालताना मोठ्याला तासाला अर्धा लिटर, मुलाला साधारण पाव ते तीन-दशांश लिटर, उन्हात त्याहून जास्त. वरच्या उदाहरणात चार तास चाल म्हणजे सुमारे सहा ते साडेसहा लिटर. निघताना चार लिटर धरले ते तिसऱ्या किलोमीटरवर पाणी भरता येईल या भरवशावर. तो भरवसा नकाशावरच्या निळ्या रेषेवर ठेवायचा नाही. तुटक निळी रेषा म्हणजे हंगामी ओढा, आणि सलग रेषासुद्धा उन्हाळ्याअखेरीस कोरडी सापडते. जायच्या आठवड्यात वन कार्यालयाला फोन करून नेमके विचारावे: अमुक ओढ्यात आज पाणी वाहते का? ‘पाणी असतं तिथे’ हे उत्तर पुरेसे नाही. मुक्कामी संध्याकाळपासून सकाळपर्यंत चौघांना आठेक लिटर लागते, म्हणून तंबूची जागा पाण्यापासून फार लांब नको आणि 60-70 मीटरपेक्षा जवळही नको.

फिल्टर घेतला म्हणजे काम झाले असे नाही. पोकळ तंतूंचा, 0.1 मायक्रॉनचा फिल्टर जिवाणू आणि जिआर्डियासारखे परजीवी अडवतो, विषाणू अडवत नाही. वर वस्ती किंवा गुरे असतील तर पाणी उकळणेच बरे: खळखळून एक मिनिट, 2000 मीटरपेक्षा उंचीवर तीन मिनिटे. एकदा भिजलेला फिल्टर गोठला तर आतले तंतू तडकतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही, तेव्हा गारठ्याच्या रात्री तो स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपावे. गढूळ पाणी थेट त्यातून ओढले तर तो पहिल्याच संध्याकाळी तुंबतो. आधी भांड्यात तासभर निवळू द्यावे, वरचे पाणी गाळावे आणि नंतर फिल्टरमधून उलट दिशेने स्वच्छ पाणी सोडून तो धुवावा. क्लोरीन डायॉक्साइडच्या गोळ्यांनी जिवाणू अर्ध्या तासात मरतात, पण क्रिप्टोस्पोरिडियम या चिवट परजीवीसाठी चार तास थांबावे लागते. तहानलेली मुले तेवढी थांबत नाहीत, त्यामुळे गोळ्या राखीव म्हणून ठेवाव्यात.

पायांकडे पहिल्या अर्ध्या तासातच बघावे. मोठे माणूस बूट चावतो म्हणून सांगते, मूल सांगत नाही, ते फक्त हळू चालू लागते. अर्ध्या तासाने सगळ्यांना बसवून मोजे काढायला लावा. टाच किंवा बोटाची कड लाल आणि गरम लागली तर तिथे लगेच चिकटपट्टी लावायची, फोड येईपर्यंत थांबायचे नाही. पट्टीचे कोपरे गोल कापले तर ती मोज्यात अडकून सुटत नाही. बूट नवे असतील तर आधी दोन-तीन आठवडे रोज वापरावेत आणि निघण्याच्या आदल्या दिवशी सगळ्यांची पायाची नखे कापावीत. ही बाब क्षुल्लक वाटते, पण दुसऱ्या दिवशीचा उतार तिच्यावर अवलंबून असतो.

चालताना एक मोठा पुढे, एक शेवटी, आणि सर्वांत हळू चालणारे मूल पुढच्याच्या मागे दुसऱ्या क्रमांकावर. फाट्यावर सगळे जमल्याशिवाय कोणीही पुढे जायचे नाही, हा नियम न मोडता पाळावा. चुकामुकी बहुतेक फाट्यांवरच होतात. मुलाला आधीच शिकवून ठेवावे: हरवलास तर शोधत फिरायचे नाही, जवळच्या मोठ्या झाडापाशी थांबायचे, मिनिटात सहा वेळा शिट्टी वाजवायची, मिनिटभर थांबायचे, पुन्हा वाजवायची. एकदा घराजवळच्या मोकळ्या जागेत हे करून घ्यावे. फोन फ्लाइट मोडवर ठेवला तरी नकाशा आणि जीपीएस चालतात, मात्र नकाशा घरूनच उतरवून घेतलेला हवा. सिग्नल शोधत राहणारा फोन संध्याकाळपर्यंत मान टाकतो. कागदी नकाशा प्लॅस्टिकच्या पिशवीत, शेवटी चालणाऱ्याकडे.

मुक्कामाची जागा परवानगी असलेलीच घ्यायची हे सांगायला नको. तंबू ठोकण्याआधी वर बघावे. वाळलेली फांदी डोक्यावर असेल तर तिथून उठावे, वारा नसतानाही त्या पडतात. कोरडा ओढा आणि दरीचा तळ टाळावा: एक पुरासाठी, दुसरा थंडीसाठी, कारण रात्रीची गार हवा सखल जागी साचते. खालून लागणारी थंडी पांघरुणाने जात नाही, त्यामुळे एक वेळ दुसरा स्वेटर राहिला तरी चालेल, मॅट राहता कामा नये. झोपायचे कोरडे कपडे दिवसा कितीही मोह झाला तरी घालायचे नाहीत. पाऊस असेल तर आधी तंबू, मग मुले आत, मग बाकी सगळे. स्टोव्ह मात्र तंबूत कधीही पेटवायचा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. चौघांच्या एका रात्रीला 100 ग्रॅमचा गॅस कॅन पुरतो, कारण लिटरभर पाणी उकळायला 10 ते 15 ग्रॅम लागतात. पण वाऱ्यात हाच आकडा दुप्पट होऊ शकतो, म्हणून आडोसा हवा, तोही कॅनला चहूबाजूंनी न वेढणारा, नाहीतर कॅन तापतो. खाणे तंबूत ठेवू नये. त्या जंगलातल्या प्राण्यांप्रमाणे ते टांगायचे की बंद डब्यात ठेवायचे हे वन कार्यालयाला आधीच विचारून घ्यावे. शौचासाठी पाणी, वाट आणि तंबू यांपासून 60-70 मीटर दूर, 15 ते 20 सेंटिमीटर खोल खड्डा. कागद परत आणायचा.

गडगडाट ऐकू आला की डोंगराची धार आणि एकटे झाड सोडावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पुढे निघू नये. हा अर्धा तास वेळापत्रकात धरलेला नसतो, म्हणून माघारीचा कागद पुन्हा काढून बघावा.

निघण्यापूर्वी घरी किंवा शेजारी एक चिठ्ठी ठेवावी. तिच्यावर लूपचे नाव, फिरण्याची दिशा, मुक्कामाची जागा, गाडीचा क्रमांक, कोण कोण आहे आणि दोन वेळा: परतण्याची अपेक्षित आणि फोन करण्याची. वरच्या उदाहरणात दुसऱ्या दिवशी उरलेले 5 किलोमीटर थांब्यांसह सव्वातीन तासांचे, म्हणजे नऊला निघालेले कुटुंब साडेबाराच्या सुमारास गाडीपाशी येते. फोनची वेळ पाच ठेवावी. साडेबारा हीच फोनची वेळ लिहिली तर रेंगाळलेल्या जेवणापायी शोधपथक निघेल, आणि काहीच लिहिले नाही तर घरचे लोक रात्री दहापर्यंत ‘येतीलच’ म्हणत बसतील. वन कार्यालयाचा आणि पोलिसांचा क्रमांकही त्याच चिठ्ठीवर हवा.

आपल्या पुरवणीकडे एक विनंती. लूप ट्रेलवरच्या लेखाबरोबर एक छोटी चौकट द्यावी. तिच्यात शिखराच्या उंचीऐवजी चढाईची बेरीज असावी, पाण्याच्या जागा आणि आडवाटा किलोमीटरसह असाव्यात, आणि लेखक ती वाट कोणत्या महिन्यात चालला हे असावे. पावसाळा संपतासंपता पाहिलेला ओढा वाचून कुटुंबे कडक उन्हाळ्यात निघतात आणि तिसऱ्या किलोमीटरला रिकाम्या बाटल्या घेऊन उभी राहतात. फोटोची एक ओळ कमी केली तर ही चौकट बसते.

कळावे.

आपले,
जंगलवाटांवर चालणारे काही वाचक